ईयोबाला पहिला अध्याय ठाऊक नव्हता

(रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी व घरोघरी वचन सांगणारांसाठी अभ्यासपाठ)

अभ्यासासाठी वाचन : उत्पत्ति 22:1-14, उत्पत्ति 42 ते 45, 2 शमुवेल 11 व 12, ईयोब 1, 2 आणि 42:7-9, लूक 24:13-35. हे उतारे आधी वाचून मगच पुढील पाठ घ्यावा, अशी वाचकांस विनंती आहे.

1. एका मुलीचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी आम्ही रविवारच्या शाळेत अब्राहाम व इसहाक यांची गोष्ट सांगत होतो. फ्लॅनेलच्या फळ्यावर डोंगर, लाकडे, वेदी अशी चित्रे लावली होती. मुले लहान आणि गोष्ट मोठी भयंकर. मुलांनी घाबरू नये म्हणून आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकले, “भिऊ नका बरं का, शेवटी देव मेंढा देणार आहे.” एवढेच नव्हे, तर मेंढ्याचे चित्रही आगाऊच एका कोपऱ्यात लावून ठेवले. गोष्ट संपली, मुले मुळीच घाबरली नाहीत, आणि पाठ चांगला झाला असे आम्हांला वाटले. इतक्यात नऊदहा वर्षांची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, मेंढा मिळणार हे इसहाकाला ठाऊक होतं का?”

आम्ही म्हणालो, “नाही.”

“मग त्याच्या बाबांना?”

“त्यांचा देवावर भरवसा होता. पण मेंढा झुडपात अडकलेला सापडेल, हे काही त्यांना ठाऊक नव्हतं.”

तिने फळ्याच्या कोपऱ्याकडे पाहिले आणि विचारले, “मग आम्हांला आधीच का सांगितलं?”

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्याजवळ नव्हते. घरी येऊन आम्ही तो अध्याय पुन्हा वाचला, आणि शास्त्र ही गोष्ट कशी सांगते ते जणू प्रथमच पाहिले. पहिल्याच वचनात लेखक आपल्याला एक गोष्ट सांगतो : देवाने अब्राहामाची परीक्षा पाहिली. म्हणजे ही परीक्षा आहे हे वाचकाला ठाऊक आहे, अब्राहामाला नाही. दुसऱ्या वचनात अब्राहामाला आज्ञा होते. कोणाचा बळी द्यायचा हे त्याला कळते, इसहाकाला कळत नाही. पाचव्या वचनात चाकरांना गाढवाजवळ थांबायला सांगितले आहे. त्यांना तर एवढेच ठाऊक की, धनी व मुलगा उपासना करून परत येणार. ही जणू एक शिडीच आहे. सर्वांत वर देव, मग वाचक, मग अब्राहाम, मग इसहाक आणि सर्वांत खाली चाकर. प्रत्येकाला वरच्यापेक्षा थोडे कमी ठाऊक आहे. म्हणूनच सातव्या वचनात इसहाक जेव्हा विचारतो की विस्तव आहे, लाकडे आहेत, पण कोकरू कोठे आहे, तेव्हा ऐकणाराच्या काळजात चर्र होते. तो प्रश्न साधाच आहे. त्या प्रश्नाचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे आणि विचारणाऱ्याला नाही, म्हणून तो जड झाला आहे.

आता लेखकाने काय राखून ठेवले तेही पाहा. परीक्षा आहे हे त्याने सांगितले, परंतु मेंढ्याचे तेराव्या वचनापर्यंत सांगितले नाही. तीन दिवसांच्या वाटेत बापाच्या मनात काय चालले होते, याविषयी एक अक्षर नाही. मुलाची आई सारा हिचे तर या गोष्टीत नावही नाही. एरिक आउअरबाख नावाचे एक जर्मन यहूदी विद्वान होते. नाझी राजवटीत 1935 साली त्यांची प्राध्यापकी गेली व ते इस्तंबूलला गेले. तेथे त्यांनी लिहिलेला ‘मिमेसिस’ हा ग्रंथ 1946 साली निघाला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी होमर कवीचे ‘ओडिसी’ हे काव्य आणि उत्पत्तीचा हा बाविसावा अध्याय शेजारी ठेवून पाहिला आहे. होमर सर्व काही उजेडात मांडतो. म्हातारी दाई आपल्या धन्याचे पाय धुताना त्याच्या पायावरचा व्रण ओळखते, तेव्हा कवी कथा थांबवून त्या व्रणाचा सगळा इतिहास सांगतो. उलट उत्पत्तीचा लेखक लागेल तेवढेच सांगतो आणि बाकीचे अंधारात राहू देतो. तो अंधारच आपल्याला विचार करायला लावतो. आम्ही मात्र कोपऱ्यात मेंढा लावून तो अंधार घालवून टाकला होता.

2. कोणाला किती ठाऊक?

गोष्ट सांगणे म्हणजे घडले ते क्रमाने सांगणे, असा आपला समज असतो. परंतु प्रत्येक गोष्ट सांगणाऱ्याला, त्याला कळो वा न कळो, आणखी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. एक, ही गोष्ट कोणाच्या शेजारी उभे राहून सांगायची? दुसरी, ऐकणाराला केव्हा आणि किती कळू द्यायचे? या दोहोंत गोष्टीचे अर्धे बळ असते.

आपल्या लोकांना हे नवीन नाही. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांना उत्तररंगातील आख्यान बहुधा आधीच ठाऊक असते. हरिश्चंद्राचे पुढे काय होणार, हे कळावे म्हणून कोणी कीर्तनाला जात नाही. तरी स्मशानातला प्रसंग आला की डोळ्यांना पदर लागतातच. ख्रिस्ती कीर्तनातही तसेच. उधळ्या पुत्राचे आख्यान ऐकणाऱ्या मंडळीला बाप त्याला जवळ घेणार हे पाठ असते. मग पाणी कशामुळे येते? आपल्याला ठाऊक आहे आणि त्या मुलाला नाही, तो वाटेने आपली कबुली घोकत येत आहे, यामुळे.

चित्रपटवाल्यांनाही हे कळते. इंग्रज दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्र्युफो यांना दिलेल्या दीर्घ मुलाखतीत एक उदाहरण दिले होते. माणसे मेजाशी बसून गप्पा मारीत आहेत आणि मेजाखाली बाँब आहे. प्रेक्षकांना ते सांगितले नाही आणि बाँब फुटला, तर पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. आधी सांगितले, तर त्याच साध्या गप्पा पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकाव्या लागतात.

इस्राएलातील तेल अवीवचे विद्वान मेइर स्टर्नबर्ग यांनी 1985 सालच्या आपल्या ग्रंथात पवित्र शास्त्रातील कथांचा या दृष्टीने बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांनी तीन प्रकार सांगितले. कधी वाचकाला पात्रापेक्षा अधिक ठाऊक असते. कधी पात्राला वाचकापेक्षा अधिक ठाऊक असते. आणि कधी दोघे बरोबरीने चालतात. तिन्ही प्रकार शास्त्रात आहेत, आणि प्रत्येकाचे काम निराळे आहे.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण योना. देवाने निनवेस जायला सांगितले आणि तो तार्शीशाकडे पळाला. का पळाला? पहिल्या अध्यायात लेखक सांगत नाही. आपण समजतो, भ्याला असेल. शत्रूचे मोठे शहर, कोण भिणार नाही? चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात योना स्वतःच खरे कारण बोलून दाखवतो. देव दयाळू आहे, तो निनवेला क्षमा करील, हे त्याला आधीपासून ठाऊक होते व तेच त्याला नको होते. तीन अध्याय आपण त्या माणसाची कीव करीत होतो आणि एकाएकी कळते की, आपण त्याला ओळखलेच नव्हते. कित्येक शिक्षक पहिल्याच रविवारी सांगून टाकतात की, “योनाला निनवेचे लोक आवडत नव्हते, म्हणून तो पळाला.” हे खोटे नाही, परंतु लेखकाने चौथ्या अध्यायासाठी जपून ठेवलेली ठेव आपण पहिल्याच दिवशी खर्च करून टाकतो.

3. दुभाष्याच्या पलीकडे

पहिल्या प्रकाराचे, म्हणजे वाचकाला अधिक ठाऊक असण्याचे, सर्वांत सुंदर उदाहरण योसेफाचे. सतराव्या वर्षी विकला गेलेला मुलगा सुमारे वीस वर्षांनी मिसर देशाचा अधिपती होऊन बसला आहे, आणि त्याचे भाऊ धान्यासाठी त्याच्यापुढे जमिनीपर्यंत लवत आहेत. 42व्या अध्यायाचे आठवे वचन थोडक्यात सांगते की, त्याने त्यांना ओळखले, त्यांनी त्याला ओळखले नाही. येथून तीन अध्याय आपण योसेफाच्या बाजूला बसून हे सर्व पाहतो.

भाऊ आपसांत बोलू लागतात की, आपण आपल्या भावाचे अपराधी आहोत. त्याने काकुळतीने विनवले तेव्हा आपण ऐकले नाही. समोर दुभाष्या आहे, म्हणून या अधिकाऱ्याला आपली भाषा कळत नाही असे त्यांना वाटते. लेखक आपल्याला हळूच सांगतो की, योसेफाला सर्व समजत होते, आणि तो तोंड फिरवून रडला. येथे एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. 37व्या अध्यायात योसेफाला खड्ड्यात टाकले, तेव्हा तो रडला-ओरडला असे एक शब्दही लेखकाने लिहिलेले नाही. तो गयावया करीत होता, हे आपल्याला येथे, वीस वर्षांनंतर, त्याच्याच भावांच्या तोंडून कळते. ती हाक तेव्हा भावांनी ऐकली नाही. लेखकाने ती आपल्यालाही तेव्हा ऐकू दिली नाही. आता ती आठवते आहे म्हणजे त्यांचे अंतःकरण जागे झाले आहे.

पुढे 44व्या अध्यायात बन्यामिनाच्या गोणीत प्याला सापडतो आणि यहूदा बोलायला उभा राहतो. योसेफाला विकण्याची युक्ती काढणारा हाच यहूदा. तो म्हणतो की, मुलाऐवजी मला दास करून ठेवा, मुलाला बापाकडे जाऊ द्या. समजा, समोरचा अधिकारी योसेफच आहे हे यहूदाला ठाऊक असते, तर या भाषणाची किंमत काय राहिली असती? भावाची मर्जी राखण्यासाठी बोलला, असेच कोणीही म्हणाले असते. त्याला ठाऊक नव्हते, म्हणूनच ते खरे ठरले. माणसाचे अज्ञान हे पुष्कळदा त्याच्या खरेपणाची कसोटी असते. त्याच भाषणात यहूदा बापाचे शब्द सांगतो की, एक मुलगा गेला, त्याला श्वापदाने फाडून टाकले असावे. आपला बाप इतकी वर्षे काय समजून रडत आहे, हे योसेफाने त्यापूर्वी ऐकल्याचे शास्त्रात कोठेही नाही. म्हणजे ज्याला सर्व काही ठाऊक आहे असे आपण समजत होतो, त्यालाही एक गोष्ट ठाऊक नव्हती. ती कळल्यावर मात्र त्याला स्वतःला आवरता आले नाही.

शिक्षकांनी येथे घाई करू नये. योसेफ कोण हे मुलांना ठाऊक असू द्यावे, कारण लेखकानेच ते सांगितले आहे. मुलांना हे गुपित सांभाळण्यात मोठा आनंद वाटतो. परंतु योसेफ असे का वागला, त्याने प्याला का लपवला, सूड म्हणून की परीक्षा म्हणून, हे लेखकाने कोठेच लिहिलेले नाही. जे लेखकाने लिहिले नाही, ते आपण खात्रीने सांगू नये. “तुम्हांला काय वाटते?” असे मुलांनाच विचारावे.

4. गोष्टीत आपणच आहोत हे ज्याला ठाऊक नव्हते

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली गोष्ट आपण जाणतोच : एक धनवान, एक दरिद्री, आणि त्या दरिद्र्याची एकुलती एक मेंढी. 11वा अध्याय वाचल्यामुळे आपल्याला सर्व ठाऊक आहे. उरीयाने स्वतःच्या मृत्यूचे पत्र स्वतःच्याच हाताने यवाबाकडे नेले, हेही आपण पाहिले आहे. उरीयाला राजाच्या पापाचा वास लागला होता की नव्हता? लेखक सांगत नाही. दावीद मात्र नाथानाची गोष्ट ही दुसऱ्या कोणाची तरी आहे असे समजून ऐकतो, संतापतो आणि न्याय देऊन मोकळा होतो. तेव्हा नाथान त्याला सांगतो की, तो माणूस तूच.

आधीच “राजा, तू पाप केले आहेस” असे म्हटले असते, तर राजाने सबबी सांगितल्या असत्या. गोष्टीमुळे दावीद काही क्षण सिंहासनावरून उतरून दरिद्र्याच्या शेजारी उभा राहिला. गोष्ट हे असे करू शकते.

येथे आम्हां वचन सांगणारांस एक इशारा देणे अवश्य आहे. आपल्यापैकी पुष्कळांना नाथान होण्याची हौस असते. मंडळीत कोणाचे काही कानावर आले की, पुढच्या रविवारी व्यासपीठावरून एक “दृष्टांत” येतो. नाव घेतलेले नसते, परंतु सर्व माना एकाच बाकाकडे वळतात. हे नाथानाचे काम नव्हे. नाथान बलवानाकडे गेला आणि त्याने आपली मान धोक्यात घातली. व्यासपीठावरून बोलणाऱ्याला कसलाच धोका नसतो. ऐकणाराला उलट बोलण्याची सोयही नसते. दावीदाला सोडून बाकीच्या सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट सांगणे म्हणजे उपदेश नव्हे, ती चहाडी होय.

5. ईयोब आणि आम्ही

आता या पाठाच्या मुख्य भागाकडे येऊ. येथे आम्हांला आमची स्वतःचीच एक चूक सांगितली पाहिजे.

आमच्या मंडळीतील एका कुटुंबातला अठरा वर्षांचा मुलगा रस्त्यावरील अपघातात गेला. त्या आठवड्यात घरी प्रार्थना ठेवली होती व वचन सांगायला आम्हांला बोलावले होते. आम्ही ईयोबाचे पुस्तक उघडले. सैतान देवासमोर कसा आला, देवाने ईयोबाविषयी कशी साक्ष दिली, परीक्षेला कशी परवानगी मिळाली, हे सर्व समजावून सांगितले. मग म्हणालो की, या घरावर आलेले दुःखही अशीच एक परीक्षा आहे. देवाने या कुटुंबाला तिच्यासाठी योग्य जाणून निवडले आहे, आणि शेवटी ईयोबाला जसे दुप्पट मिळाले तसे देव तुम्हांलाही देईल. लोकांनी माना डोलावल्या. आम्हांलाही आपण चांगले बोललो असे वाटले.

उठताना मुलाची आई दारापर्यंत आली. ती रागावलेली नव्हती. हळू आवाजात म्हणाली, “दादा, ईयोबाचं वर काय झालं ते पुस्तकात लिहिलंय. माझ्या लेकाचं वर काय झालं, ते तुम्ही ऐकून आलात का?”

आम्ही काही बोलू शकलो नाही. त्यानंतर पुष्कळ दिवस आम्ही तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत होतो.

ईयोबाच्या पुस्तकाला 42 अध्याय आहेत. पहिले दोन अध्याय व शेवटची काही वचने गद्य कथा आहे. मधला जवळजवळ सर्व भाग काव्य आहे. त्या पहिल्या दोन अध्यायांत लेखक दोनदा आकाश उघडतो आणि देवासमोर काय बोलणे झाले ते वाचकाला ऐकवतो. ईयोब निर्दोष आहे हे पहिल्याच वचनात लेखक स्वतः सांगतो. मग देवही तेच दोनदा सांगतो. पण हे कोणाला ठाऊक आहे? वाचकाला. ईयोबाला नाही, त्याच्या बायकोला नाही, एलीफज, बिल्दद व सोफर यांना नाही. आणि आश्चर्य हे की, शेवटपर्यंत ते ईयोबाला कोणी सांगतच नाही. 38व्या अध्यायापासून देव वावटळीतून बोलतो; पृथ्वीचा पाया, समुद्र, तारे, रानगाढव, घोडा, गरुड यांविषयी बोलतो. परंतु सैतानाचे नाव नाही, त्या संभाषणाचा उल्लेख नाही, मुले का गेली याचा खुलासा नाही. ईयोब देवापुढे नम्र झाला तो पहिला अध्याय न वाचताच.

आता त्या तीन मित्रांकडे पाहा. आपण त्यांना सहज नावे ठेवतो. परंतु घटकाभर पहिले दोन अध्याय हाताने झाकून ठेवा आणि त्यांची भाषणे वाचा. किती तरी वाक्ये आपल्याच उपदेशांसारखी वाटतील : देव न्यायी आहे, शिक्षा झाली तर ती धिक्कारू नये, पश्चात्ताप करणाऱ्याला तो पुन्हा उभे करतो. ही वाक्ये खोटी आहेत काय? एलीफजाचे एक वाक्य तर पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात शास्त्रवचन म्हणून घेतले आहे. मग 42व्या अध्यायात देव त्यांच्यावर का कोपला? वाक्ये बरोबर असतील, परंतु घर चुकले. जे त्यांना ठाऊक नव्हते, ते ठाऊक असल्यासारखे ते बोलले. देवाच्या दरबारात ईयोबाविषयी काय ठरले हे जणू आपण ऐकून आलो, अशा थाटात त्यांनी त्याच्या दुःखाचे कारण सांगितले.

आणि आम्ही? आम्ही त्या घरी ईयोबाचे पुस्तक उघडून ईयोबाच्या बाजूला बसलो, असे आम्हांला वाटत होते. वास्तविक आम्ही एलीफजाच्या बाजूला बसलो होतो. फरक एवढाच की, एलीफजाने पापाचे कारण सांगितले, आम्ही परीक्षेचे सांगितले. ठाऊक दोघांनाही नव्हते. वाचक म्हणून पहिला अध्याय आमच्या हातात होता, तो ईयोबाविषयीचा. दुसऱ्याच्या दुःखाविषयीचा पहिला अध्याय आमच्यापैकी कोणाच्याच हातात दिलेला नाही.

दुप्पट मिळण्याविषयीही आम्ही न विचार करता बोललो होतो. मेंढरे, उंट, बैल, गाढवे दुप्पट झाली. मुले मात्र पूर्वीइतकीच, सात मुलगे व तीन मुली. मेलेली दहा मुले परत आली असे लेखकाने कोठेही लिहिलेले नाही. आई हे न सांगता समजते. आम्हांला ते समजायला वचन मोजावे लागले.

मग हे पुस्तक दुःखितांच्या घरी वाचूच नये काय? वाचावे, परंतु त्यातील खुर्ची नीट निवडावी. लेखकाने वाचकाला पहिला अध्याय दिला, तो आपण दुसऱ्याला कारणे सांगावीत म्हणून नव्हे, असे आता आम्हांला वाटते. दुःखात असलेला माणूस पापीच असला पाहिजे असे म्हणणारे किती चुकतात, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहावे, म्हणून तो दिला. आणि मित्रांनी केलेली एक गोष्ट मात्र अगदी योग्य होती. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी लिहिले आहे की, ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, आणि कोणी एक शब्द बोलला नाही.

त्या आईकडे आम्ही पुढे गेलो, तेव्हा पुस्तक उघडले नाही. “मुलाविषयी सांगा,” एवढेच म्हणालो. ती दोन तास बोलत होती.

6. ज्याला सर्व ठाऊक होते त्याने काय केले

लूक 24मध्ये दोघे शिष्य यरुशलेमेहून अम्माऊसाकडे चालले आहेत. वाट सुमारे 11 किलोमीटरांची. वाटेत येणारा तिसरा माणूस येशू आहे हे लेखक आपल्याला लगेच सांगतो, त्या दोघांना मात्र कळत नाही. क्लयपा त्याला विचारतो की, या दिवसांत झालेले ठाऊक नसलेला असा एकटा तूच आहेस काय? वाचकाला येथे हसू येते आणि डोळ्यांत पाणीही येते. कारण ज्याला काही ठाऊक नाही असे क्लयपा समजतो, त्या एकट्यालाच सर्व ठाऊक आहे.

आता 19वे वचन पाहा. सर्व ठाऊक असलेला प्रभू काय म्हणतो? तो विचारतो, काय झाले? आणि मग तो ऐकतो. आपल्याच मरणाची हकिकत तो त्यांच्या तोंडून, त्यांच्या अर्धवट समजुतीसह, त्यांच्या मोडलेल्या आशेसह, पुरती ऐकून घेतो. शास्त्र समजावून सांगण्याचे काम त्यानंतरचे आहे. ज्याला पहिला आणि शेवटचा असे दोन्ही अध्याय ठाऊक होते, त्याने आधी विचारले. आम्हांला दोन्ही ठाऊक नाहीत आणि आम्ही आधी बोलतो.

उत्तम शुक्रवारच्या उपासनेतही हे लक्षात ठेवावे. आपल्याला रविवार ठाऊक आहे, म्हणून शनिवार आपण उडी मारून ओलांडतो. शिष्यांना रविवार ठाऊक नव्हता. तो पुरा दिवस त्यांनी कसा काढला असेल, याचा विचार केल्यावाचून पुनरुत्थानाची बातमी किती मोठी, हे मुलांना कळणार नाही.

7. शिक्षकांसाठी काही सूचना

(अ) पाठ तयार करताना कागदावर तीन रकाने पाडा : पात्राचे नाव, त्याला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही. वाचकाचेही नाव त्या यादीत घाला. पंधरा मिनिटांचे हे काम आहे. पुष्कळ पाठ यानेच उभा राहतो.

(आ) लेखकाने जे आधी सांगितले ते आधी सांगा, जे राखून ठेवले ते राखून ठेवा. लहान मुले घाबरतील अशी काळजी वाटली, तर शेवट फोडण्याऐवजी त्यांच्याजवळ बसा, आवाज मऊ करा व गोष्ट त्याच दिवशी पुरी करा. अर्ध्यावर सोडून पुढच्या रविवारवर ढकलू नका.

(इ) गोष्ट मध्ये थांबवून विचारा, “आता हे कोणाकोणाला ठाऊक आहे?” मोठी मुले याची उत्तरे फार उत्साहाने देतात.

(ई) तीच गोष्ट दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून सांगून पाहा : उधळ्या पुत्राची गोष्ट वडील भावाच्या बाजूने, तो शेतातून येतो आणि त्याला वाद्यांचा आवाज ऐकू येतो, आत काय चालले आहे हे ठाऊक नाही. मात्र शास्त्रात नाही असे काही भर घालून सांगितले, तर “ही आपली कल्पना आहे” असे मुलांना स्पष्ट सांगा.

(उ) वाचक असल्याचा गर्व मुलांच्या मनात येऊ देऊ नका. “ते शिष्य किती मंद!” असे मूल म्हणाले, तर विचारा, “शेवट ठाऊक नसता, तर तू काय केलं असतंस?”

त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नानंतर आम्ही मेंढ्याचे चित्र पाकिटातच ठेवतो. ते तेराव्या वचनाला बाहेर निघते.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

1. उत्पत्ति 22मधील चाकर डोंगराखाली थांबले होते. बापलेक परत आल्यावर त्यांना काय कळले असेल आणि काय कळले नसेल?

2. यहूदाला समोर योसेफ आहे हे ठाऊक असते, तर 44व्या अध्यायातील त्याच्या भाषणात काय बदलले असते?

3. ईयोब 4 व 5 हे अध्याय पहिले दोन अध्याय झाकून वाचा, मग ते उघडून पुन्हा वाचा. तुमचे मत कोठे बदलले?

4. दुःखितांच्या घरी आपण ठाऊक नसलेली कोणती गोष्ट ठाऊक असल्यासारखी बोलतो? आपल्या मंडळीत नेहमी ऐकू येणारी अशी दोन-तीन वाक्ये लिहून काढा, आणि त्यांऐवजी काय विचारता येईल ते सांगा.